चांगला हात कुठे ठेवायचा?

साशंक : तू मिरजेला डावखुरी सतार करायला टाकणार आहेस असं कानावर आलं. टाकण्याआधी एक विचारतो. सतार म्हणजे कात्री नव्हे. कात्री एका हातासाठीच घडवलेली असते, दुसऱ्या हातात ती कापड चावते. सतारीत दोन्ही हात राबतात. उजव्या तर्जनीत मिजराब, तिने तार छेडून दा आणि रा हे बोल काढायचे. डाव्या हाताची पहिली दोन बोटं पडद्यांवर, त्यांनी स्वर धरायचा, घसीट घ्यायची, मींड ओढायची. जो पक्का उजवा आहे त्याचीही डावी बोटं सुरुवातीला सोलून निघतात, तेल लावून लावून मग त्यांवर तारेची खाच पडते. म्हणजे कुणीही शिकायला बसला तरी त्याचा एक हात नवखा असतोच. तुझ्या वाट्याला आलेलं अवघडपण डावखुरेपणाचं आहे की नवखेपणाचं, हे तू कशावरून ठरवलंस? अजून तर तू दुसऱ्याकडून आणलेल्या सतारीवरच वाजवतेस.

हौशी : काका, बोटं माझीही सोलली. त्याची तक्रार नाही. उलट पडद्यांवरचं काम मला बरं जमतं असं गुरुजी म्हणतात. माझी अडचण आघाताची आहे. दा आत, रा बाहेर, इतकं साधं. पण लय थोडी चढली की माझा रा मागे राहतो, आणि दिर दिर आलं की दोन्ही आघात एकमेकांत मिसळतात. नवखेपणा असेल म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केलं. मग वाशीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये मांडीवर तीनताल धरायला लागले. डाव्या हाताने धरला की आवर्तनं कितीही जावोत, सम चुकत नाही, शेजारची बाई बोलत असली तरी चुकत नाही. उजव्या हाताने धरला की मोजावं लागतं. म्हणजे लय माझ्या डाव्या हातात राहते. ती तिथे राहू द्यायची आणि तालाचं काम मात्र ज्या हाताला मोजावं लागतं त्याच्याकडे द्यायचं, हे मला पटत नाही. हरिप्रसाद चौरसिया बासरी डावीकडे धरतात. आधी उजवीकडे धरायचे, मग डावीकडे वळले, तरी त्यांचं वादन अडलं नाही.

साशंक : बासरीचं उदाहरण तुझ्या उपयोगाचं नाही. बासरी म्हणजे भोकं पाडलेला बांबू. डावीकडे धरला काय, उजवीकडे धरला काय, बांबूला फरक पडत नाही. तबल्याचंही तेच. डावखुरा तबलजी डग्गा उजवीकडे आणि तबला डावीकडे घेतो, संपलं. सतार तशी फिरत नाही. नीट बघ. बाजची तार पडद्याच्या मधल्या भागात असते, आणि तिच्या खाली, जमिनीच्या बाजूला, पडदा मोकळा सोडलेला असतो, कारण मींड ओढायला तेवढी जागा लागते. जोड, खर्ज, पंचम, सगळ्या तारा वरच्या अर्ध्या भागात दाटीने बसवलेल्या. सगळ्यांत वर चिकारी, तिच्या खुंट्या दांडीच्या वरच्या कडेला. तरफेच्या अकरा-तेरा तारा पडद्यांखालून जातात, दांडीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून आत उतरतात आणि त्याच कडेच्या खुंट्यांना गुंडाळल्या जातात. आता ही सतार उलटी धर. चिकारी आणि तरफेच्या खुंट्या जमिनीकडे तोंड करून बसतील, आणि मींडेची मोकळी जागा तुझ्या गालाकडे येईल. तारा बदलून लावल्या तरी खुंट्यांची भोकं कुठे जाणार? ती लाकडात पाडलेली आहेत. म्हणजे तुला हवी असलेली गोष्ट दुरुस्तीत मिळणारी नाही, नवीन वाद्यच घडवावं लागेल.

हौशी : तेच तर म्हणते, नवीन घडवायचं. आणि अशी पाळी आलेली मी काही जगातली पहिली नाही. अमेरिकन बॅन्जो घ्या. आपल्या हळदीत, मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बेंजो नव्हे. लांब दांडीचा, कातडी मढवलेला, पाच तारांचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या आठवणीतल्या वाद्यांतून तो अमेरिकेत उभा राहिला. तिथल्या डोंगराळ भागातलं जुन्या चालीचं वादन आजही लोक हौसेने शिकतात. त्यासाठी पाठ उघडी ठेवलेला बॅन्जो घेतात, कारण त्याचा आवाज मऊ आणि घरगुती निघतो. बोटाच्या नखाने तार खाली मारायची आणि अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडायची, ती एकाच स्वरावर वाजत राहते. आपल्या चिकारीचंच काम. आणि त्या पाचव्या तारेची खुंटीही आपल्या चिकारीसारखीच दांडीच्या कडेला, बाकी खुंट्यांपासून दूर. म्हणून डावखुऱ्याला साधा बॅन्जो उलटा करून चालत नाही, खुंटी चुकीच्या कडेला जाते. तरीही तिथले हाताने बॅन्जो घडवणारे कारागीर डावखुरा बॅन्जो करून देतात. लाकडी कडं तेच, कातडं तेच, ताण देणारे आकडे तेच. फक्त दांडी आरशातल्यासारखी करायची. कारखान्यात हे अवघड, कारण तिथे साचा असतो. हाताने घडवणाऱ्याला साचा नसतो. मग मिरजेच्या माणसाने का करू नये?

साशंक : बॅन्जोच काढलास तर एलिझाबेथ कॉटनचंही नाव घे. नॉर्थ कॅरोलायनातली काळी बाई, पक्की डावखुरी. लहानपणी भावाचा बॅन्जो आणि मग गिटार तिने आहे तशी उलटी धरून वाजवली, तारासुद्धा बदलल्या नाहीत. त्यामुळे तिचा अंगठा वरची चाल वाजवायचा आणि बोटं खर्ज सांभाळायची, सगळ्या जगाच्या उलट. पुढे आयुष्यभर लोकांच्या घरी कामं केली, साठी उलटल्यावर तिची तबकडी निघाली, नव्वदीच्या घरात ग्रॅमी मिळालं. आज तिच्या नावाने ती शैली ओळखतात. तिच्याकडे कारागिराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून जे हातात आलं त्यातून तिने वाट काढली, आणि वाट निघाली. आणि आपला बेंजो तरी काय सांगतो? दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाऊन बघ. डावा हात बटणांवर, उजवा हात तारांवर. ते वाद्य मूळचं जपानचं, नागोयात १९१२ साली निघालं, आपल्याकडे येऊन रुळलं. त्यातही कामाची वाटणी तीच. पोरं वाजवतात, डावखुरीही वाजवत असतील, कुणी वेगळा बेंजो मागत नाही.

हौशी : कॉटनबाईंबद्दल आदर आहे, पण तुम्ही आत्ताच सांगितलंत की सतार उलटी होत नाही. गिटार झाली म्हणून त्यांची वाट निघाली. माझ्यापुढे ती वाट लाकडानेच बंद केली आहे. आणि लोक मागत नाहीत म्हणून गरज नाही, हा हिशोब मला मान्य नाही. दहा माणसांत साधारण एक डावखुरं असतं. आपल्याकडच्या सतारीच्या वर्गांत त्या प्रमाणात डावखुरी सतार दिसते का? ती माणसं कुठे गेली? काही उजव्या हाताने शिकली, काही कंटाळून उठून गेली. उठून गेलेल्यांची नोंद कोण ठेवतं? शाळेत पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की माझ्या हातावर पट्टी बसायची, प्रसाद घ्यायला डावा हात पुढे केला की आजी तो मागे सारायची. मी दोन्ही शिकले, उजव्या हाताने जेवते. पण लिहिते डाव्यानेच, कारण पट्टीचा धाक शाळेबरोबर सुटला.

साशंक : ठीक. तुझा हात मोकळा झाला पाहिजे हे मानतो. आता व्यवहार बघ. मिरजेत सतार कशी घेतात माहीत आहे का? दुकानात भिंतीला वाद्यं टांगलेली असतात. एकेक उतरवून घ्यायची, जुळवायची, वाजवायची. एकाच माणसाने, एकाच लाकडातून, एकाच आठवड्यात केलेल्या दोन सतारी सारख्या बोलत नाहीत. भोपळा मंगळवेढ्याकडचा, पण प्रत्येक वेलाचा वेगळा. जाडी वेगळी, पोकळी वेगळी. भोपळ्यावर बसवलेली लाकडी तबली कुठे जाड राहिली, कुठे पातळ झाली, त्यावर आवाज ठरतो. म्हणून हाताने केलेलं वाद्य घेणं म्हणजे निवडणं. जाणकार माणूस दहा ऐकतो आणि एक उचलतो. तुझ्यासाठी भिंतीवर डावखुऱ्या दहा सतारी नाहीत. एकच होणार, ती जशी होईल तशी घ्यावी लागणार. तू स्वतःच्या हाताची सोय मिळवतेस आणि कानाचा हक्क सोडतेस. सतारीत हात मोठा की कान?

हौशी : हा मुद्दा जड आहे, खोटं बोलणार नाही. पण निवड अगदीच जाते असं नाही. त्याच कारागिराच्या भिंतीवरच्या दहा उजव्या सतारी मी ऐकू शकते. त्याचा हात कसा बोलतो ते कळेल. भोपळा आणि लाकूड आधी दाखवा म्हणता येईल. तबली बसवण्याआधी जाऊन बघता येईल. कल्याणहून रात्री महालक्ष्मी धरली की सकाळी मिरज. आणि मिरजेने माणसाच्या मापाने वाद्य करायचं कधी नाकारलंय? एकोणिसाव्या शतकात तिथली शिकलगार घराणी, म्हणजे हत्यारांना धार लावणारी माणसं, पटवर्धनांच्या संस्थानात वाद्यं घडवायला लागली. त्यांतल्या फरीदसाहेबांचं नाव तिथे अजून घेतात. तलवारी गेल्या, पण हातातली नजर त्यांनी लाकडाकडे वळवली. मर्दानी तंबोरा वेगळा, जनानी वेगळा. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं गाणाऱ्याच्या पट्टीनुसार. बाईचा गळा उंच म्हणून तिने पुरुषाच्या तंबोऱ्यावर गळा दाबून गावं, असं मिरजेत कुणी म्हणालं नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातकामाला. मग गळ्याचं माप घेणाऱ्यांनी हाताचं माप घेतलं तर त्यात परंपरा मोडते कुठे?

साशंक : जनानी तंबोरा हजारो बायकांसाठी झाला. शंभर झाले तेव्हा कारागिराला कळलं की घेर किती, दांडी किती. तुझी एकच होणार. आणि जवारीचं काय? घोडीच्या हाडावर तार टेकते तिथला उतार कानसीने घासून घासून आणतात. एक फटकारा जास्त झाला की आवाज बंद होतो, एक कमी पडला की पत्रा वाजल्यासारखा करकरतो. बाजच्या तारेखालचा उतार वेगळा, चिकारीखालचा वेगळा. जवारी काढणारा माणूस बसतो, वाद्य मांडीवर घेतो, स्वतः तार छेडतो, ऐकतो, घोडी सरकवून पुन्हा घासतो. हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. तुझी सतार त्याच्या मांडीवर उलटी. तो करेल, पण चाचपडत करेल. वर्षा-दोन वर्षांनी तार हाडात रुतली की पुन्हा तेच. शिवाय आपल्या इथली हवा. खाडीच्या काठावरचं शहर, जूनपासून खुंट्या फुगतात, तरफेची खुंटी फिरत नाही. थंडीत त्याच खुंट्या घसरतात, मग खडू लावा. पडद्याचे दोरे सैल होऊन पडदे सरकतात. रोजची डागडुजी ज्या वाद्याला लागते, ते चार माणसांना हाताळता आलं पाहिजे. गुरुजी काय करणार? शिकवताना ते तुझी सतार घेऊन 'हे असं' म्हणून दाखवू शकणार नाहीत. गावाला गेलीस आणि तिथे कुणी सतार पुढे केली तर तू हात जोडणार. आणि उद्या विकायची म्हटलीस तर घेणार कोण?

हौशी : गुरुजींचं आधी सांगते. ते माझ्यासमोर बसतात. आत्ता त्यांची दांडी त्यांच्या डावीकडे, माझी माझ्या डावीकडे. ते जे करतात ते मला डोक्यात फिरवून घ्यावं लागतं. मी डावखुरी सतार घेऊन समोर बसले तर आरशात बघितल्यासारखं दिसेल. म्हणजे शिकणं कदाचित सोपं होईल. पण ते माझं वाद्य हातात घेऊन माझी चूक दाखवू शकणार नाहीत हे खरं, आणि आपल्याकडे तालीम निम्मी तशीच होते हेही खरं. परीक्षेचा प्रश्न नाही. परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं नातं मिरजेशीही आहे आणि आपल्या वाशीशीही. परीक्षेला आपलं वाद्य घेऊन जायचं असतं, परीक्षक स्वर आणि ताल ऐकतो. आता विकण्याचं. डावखुरी जुनी सतार बाजारात नाही, म्हणून नवी घेऊ नका असं तुम्ही म्हणता. पण आज कुणी नवी घेतली नाही, तर दहा वर्षांनी जुनी कुठून येणार? तुमच्या हरकतीतच तिचं कारण आहे. दुरुस्त करणाऱ्याचा हात चाचपडतो, कारण त्याच्याकडे कुणी आणत नाही. आणत नाही, कारण त्याचा हात चाचपडतो. हे चक्र कुणीतरी आपल्या खिशाला खार लावून मोडायचं. त्या खर्चाची मला कल्पना आहे. ती तोट्याची खरेदी आहे एवढंच तुम्ही सिद्ध केलंत. चुकीची आहे हे नाही.

साशंक : मग चुकीची का वाटते ते सांगतो, आत्तापर्यंत सोयीचंच बोलत होतो. तू म्हणतेस लय डाव्या हातात आहे, म्हणून आघात डाव्याने हवा. पण सतारीत गाणं कुठे आहे? विलायत खाँसाहेब ऐक. त्यांच्या गायकी अंगाचा सगळा जीव मींडेत आहे. एका पडद्यावर तार धरून, एकाच आघातात, एकामागून एक स्वर ओढून काढायचे. मिजराब लागून गेलेली असते, आणि त्यानंतरचं सगळं गाणं डावा हात गातो. किती ओढायचं हे डोळ्याला दिसत नाही, पडदा सांगत नाही. बोट ओढतं आणि कान थांबवतो. इतकं बारीक काम ज्या हाताकडे आहे, तो हात तुझा मुळातच चांगला. उजव्या माणसाला जे वर्षानुवर्षं घासून मिळवावं लागतं त्याची निम्मी शिदोरी तू जन्माला येतानाच घेऊन आलीस. तुझे गुरुजी पडद्यावरच्या कामाचं कौतुक करतात ते उगाच नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने खेळला. त्याचं काही बिघडलं? डावखुऱ्याने उजवी सतार घेणं ही तडजोड नसून लाभ असू शकतो. तू तो लाभ पैसे मोजून परत करायला निघालीस.

हौशी : हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण मग मला एक सांगा. चांगला हात पडद्यांवर असणं इतकं फायद्याचं असेल, तर जगातल्या दहापैकी नऊ उजव्या माणसांनी सतार उलटी का केली नाही? वाद्य त्यांनीच घडवलं, त्यांनीच वाजवलं, त्यांच्यासाठीच होतं. ते म्हणाले असते, उजवा हात चांगला, तो मींडेला ठेवू, डाव्याने आघात करू. म्हणाले नाहीत. सतार, सरोद, गिटार, बॅन्जो, सगळीकडे त्यांनी चांगला हात आघाताला ठेवला. एवढ्या लोकांनी, एवढ्या देशांत, एकमेकांना न विचारता तेच केलं. त्यात काही शहाणपण असेल की नाही? आणि ते असेल, तर ते मला लागू करायचं म्हणजे माझा चांगला हात आघाताला. डावखुरी सतार. तुम्ही मला परंपरेची वाटणी पाळायला सांगता, पण तिच्यामागचं कारण माझ्या बाबतीत उलटं करता.

साशंक : अडचणीत टाकलंस. पण उत्तर आहे, निदान सतारीपुरतं. ही वाटणी जुनी आहे, आणि आजची मींड तिच्या मानाने नवी. मोठी मींड, संथ आलाप ही बीनेची मिरास होती, पुढे सूरबहारची. सतारीवर आधी गत-तोडा चालायचा. आघातांचा खेळ, बोलांची गुंफण. त्या सतारीला चांगला हात आघाताला ठेवणं योग्यच होतं. गेल्या शंभरेक वर्षांत वादकांनी तिच्याकडून गळ्याचं काम मागितलं. तारा बदलल्या, घडण भक्कम केली, ओढ सोसेल असं लाकूड-सांधे केले. डाव्या हाताचं काम कितीतरी पटींनी वाढलं. पण धरण्याची पद्धत तीच राहिली, कारण तोवर सगळे तसेच बसायला शिकले होते. म्हणजे ज्या शहाणपणाचा तू आधार घेतेस ते एका वेगळ्या संगीताचं शहाणपण आहे.

हौशी : पण 'झाला' हा प्रकार तर आजही वाजतोच ना? द्रुत गत लागली, चिकारीवर झाला सुरू झाला की पुन्हा सगळा भार मिजराबीवर. रविशंकरांच्या हातची लयकारी, तबल्याशी चालणारे सवाल-जवाब, ते काय मींडेवर उभं आहे? एकाच मैफलीत पहिला तास डाव्या हाताचा आणि शेवटचा अर्धा तास उजव्याचा. मग खरी गोष्ट अशी निघते की सतारीत दोन कामं चांगल्या हाताची आहेत आणि चांगला हात प्रत्येकाला एकच असतो. उजवा काय, डावखुरा काय, प्रत्येक वादक एक मोठं काम आपल्या दुय्यम हाताकडे सोपवतो आणि आयुष्यभर त्या हाताला वर आणत बसतो. उजव्या माणसाला कोणतं काम कुठे, हे कुणी विचारतच नाही. भिंतीवरची सतार उतरवली की ते ठरलेलं असतं. विचारायची वेळ फक्त माझ्यासारखीवर येते.

साशंक : हे बरोबर बोललीस, आणि इथे माझी बाजू थोडी ढिली होते. मी तुला उजवी घे म्हणत होतो ते सगळे घेतात म्हणून. पण मग 'मी डावखुरी, म्हणून डावखुरी सतार' हेही तितकंच आंधळं. तुझा प्रश्न असा हवा: मला सतारीकडून काय हवंय? आणि मिरजेला पैसे पाठवण्याआधी तो तपासता येतो. एखादी जुनी, बिनतरफेची, शिकाऊ सतार मिळव. तरफ नाही म्हणजे कडेच्या खुंट्यांची निम्मी कटकट गेली. तिच्यावर दांडीच्या टोकाला नवी मेरू आणि खाली नवी घोडी, दोन्ही उलट्या खाचांच्या, बसवून घे. चिकारी सोडून दे, फक्त बाज आणि जोड लाव. किरकोळ काम आहे, वाद्य दुरुस्त करणारा कुणीही करेल. आवाजाची अपेक्षा ठेवू नकोस. एक पावसाळाभर एक दिवस या सतारीवर, एक दिवस त्या. डाव्या हाताने दिर दिर किती स्वच्छ येतं ते बघ. उजव्या हाताने पंचमापर्यंतची मींड सुरात थांबते का ते बघ. एखाद्या जाणत्या माणसाला पाठ करून बसव आणि कोणता दिवस कुठला ते न सांगता ऐकव.

हौशी : करीन, हे जमण्यासारखं आहे. पण यातून निकाल लागेल असं मला वाटत नाही. समजा डाव्या हाताने आघात छान आला आणि उजव्या हाताने मींड कच्ची आली. येणारच, कारण उजव्या बोटांनी पडदा कधी शिवलेलाच नाही. मग मी काय समजायचं? ती आज कच्ची आहे की कायमची कच्ची राहणार आहे? पावसाळाभराची चाचणी हाताची सवय मोजते, हाताची ऐपत मोजत नाही. आणि तो पाठ करून बसलेला माणूस, तो तरी कोणत्या कानाने ऐकणार? मींड आवडणारा म्हणेल उजवी घे, लयकारी आवडणारा म्हणेल डावखुरी घे.

साशंक : म्हणून म्हणतो, तुझ्या आवडीवर येऊन थांब. तुला आत्ता आलापाने डोळ्यांत पाणी येतं की झाल्याने अंगावर काटा येतो? पहिलं असेल तर हात आहे तिथेच राहू दे आणि उजव्या हाताचा रा घासून घासून सुधार. दुसरं असेल तर मिरजेला जा. एकच बजावतो. आवड बदलते. मी तरुणपणी झाल्यासाठी सतार घेतली, आता मंद्रातली मींड सोडून काही वाजवावंसं वाटत नाही. उजव्या वाद्यावरचा माणूस असा बदलला तर वाद्य त्याला सांभाळून घेतं, कारण त्याने कोणत्याच बाजूला मुद्दाम माप दिलेलं नसतं. तू मात्र आजच्या आवडीचं माप लाकडात कोरून घेणार आहेस.

हौशी : मुद्दाम माप दिलं नाही म्हणून वाद्य सांभाळून घेतं, हे मला पटत नाही. माप तेही कुणीतरी दिलंच होतं, तुमच्या आधी. तुम्ही बदललात तेव्हा तुमच्या डाव्या हाताने ते ओझं उचललं, वाद्याने नव्हे. तसं माझा उजवा हातही उचलेल किंवा नाही उचलणार. जुनी सतार मी शोधते, घोडीही करून घेते, आणि मिरजेला आत्ता फक्त भोपळे बघायला जाते. पैसे द्यायचे की नाही ते नंतर. पण साठीत काय आवडेल ते तिशीत ओळखून कुणी कधी वाद्य घेतलंय का, काका?